आधी हवा, मग ब्रश

बाळा,

शाळेच्या चमूत रॉकेटच्या रंगकामाची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेले तिन्ही एअरब्रश नीट पाहिले. तिन्ही चांगल्या कंपन्यांचे आहेत, तरी मी तिन्हींना नाही म्हणतोय. त्यांची नोझल ०.२ मिलिमीटरची आहेत. बोटभर उंचीच्या सैनिकाच्या डोळ्यातली चमक काढायला ती बनवलेली असतात. तुला रंगवायची आहे हातभर लांब, गुळगुळीत नळी.

एअरब्रश सगळ्यात शेवटी निवडायचा. पृष्ठभाग किती आहे, रंग कुठल्या जातीचा आहे आणि हवा कुठून येणार आहे, या तिन्हींची उत्तरं मिळाली की ब्रश जवळजवळ आपोआप ठरतो. दुकानात मात्र पहिल्यांदा ब्रशच हातात पडतो आणि मग बाकीचं सगळं त्याच्याशी जुळवत बसावं लागतं.

तेव्हा आधी पृष्ठभाग मोज. तुमच्या रॉकेटची नळी ६६ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ सेंटिमीटर लांब आहे म्हणालीस. म्हणजे पंख आणि नोजकोन सोडूनच साधारण १,३५० चौरस सेंटिमीटर झाले. बारीक नोझलचा ब्रश एका फेरीत फार तर दीड सेंटिमीटर रुंद पट्टा मारतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा असतो, म्हणजे एका हाताला जवळपास १८ मीटर फेऱ्या. सहा सेंटिमीटर रुंद फवारा असेल तर तेच काम साडेचार मीटरमध्ये होतं. फरक नुसत्या वेळेचा नाही. चकचकीत रंग गुळगुळीत बसायचा असेल तर शेजारचा पट्टा येईपर्यंत पहिला ओला असावा लागतो, तरच दोन्ही एकमेकांत मिसळून सपाट होतात. बारीक ब्रशने नळीला वळसा घालून परत येईपर्यंत पहिला पट्टा सुकलेला असतो. त्यावर नव्या रंगाचे कण बसतात आणि हाताला खरखरीत लागतात. लोक रंगाला दोष देतात, थिनर बदलतात, प्रेशर कमीजास्त करतात. दोष नोझलच्या मापाचा असतो.

पेणच्या गणपती कारखान्यांत काम कसं वाटलेलं असतं ते तुझ्या आईने लहानपणी पाहिलंय, तिला विचार. मूर्तीच्या अंगाचा रंग गनने, कडांची सावली त्याहून लहान फवाऱ्याने, आणि डोळ्यांची आखणी शेवटी हाताने, कुंचल्याने. एकाच हत्याराने सगळं करायचा अट्टहास तिथे कोणी करत नाही. रॉकेटचंही काम असंच वाट. अंगाचा पांढरा किंवा पिवळा रंग रुंद फवाऱ्याने मार, पट्टे आणि दोन रंगांची सरमिसळ एअरब्रशने कर, अक्षरं डेकलने किंवा कुंचल्याने. यातल्या मधल्या कामासाठीच एअरब्रश विकत घ्यायचा आहे, एवढं लक्षात असलं की पैसे योग्य जागी जातात.

आणि रुंद फवाऱ्यासाठी सुरुवातीला स्प्रेचा साधा डबा पुरतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. इथे अमेरिकेत १९५०च्या दशकात छोटी रॉकेटं उडवायचा हा छंद सुरू झाला, तेव्हापासून आजपर्यंत उडालेल्या रॉकेटांतली कितीतरी डब्यांनीच रंगलेली आहेत. डबा वापरणार असशील तर त्याच्या डोक्यावर बसणारी चापाची मूठ आधी घे. फार स्वस्त मिळते. बोटाने टोपी दाबत राहिलं की तासाभरात बोट थकतं, दाब कमीजास्त होतो आणि टोपीवर साचलेला थेंब रॉकेटवर पडतो. मुठीने ते सगळं टळतं. फवारा नळीच्या बाहेर सुरू कर, नळीवरून एका चालीत ने आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच चाप सोड. अंतर २५ ते ३० सेंटिमीटर. डब्याच्या मागे पुढचा हात कधी मारायचा ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय झाकण काढू नकोस. काही एनॅमल डब्यांवर तासाभराच्या आत किंवा मग एकदम ४८ तासांनंतर, असं लिहिलेलं असतं. मधल्या वेळात दुसरा हात मारला तर वरच्या रंगातला थिनर खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला फुगवतो आणि सगळ्या नळीभर सुरकुत्या पडतात. मग खालपर्यंत घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

थंडीच्या दिवसांत डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर फवारा बारीक आणि एकसारखा येतो. कोमट म्हणजे नळाचं, हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी, हीटर, उन्हात तापलेली गाडी यांच्या जवळसुद्धा डबा न्यायचा नाही. ४९ अंश सेल्सियसच्या वर डबा फुटण्याचा धोका असतो, म्हणूनच त्यावर १२० फॅरेनहाइटचा इशारा छापलेला असतो.

एवढं डब्याने होत असेल तर एअरब्रश कशाला, असं तू विचारशील. मुख्य कारण वजन. डब्याचा फवारा जाड आणि जोरकस, त्याला आवर घालता येत नाही. एअरब्रशने तोच रंग निम्म्या जाडीत झाकतो. रंगाला वजन असतं हे मोठ्या रॉकेटवाल्यांनाही विसरून चालत नाही. स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकी १९८१च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्या उड्डाणापासून, १९८२ साली, रंग देणंच बंद केलं आणि जवळजवळ २७० किलो वजन वाचलं. फोटोंत तुला टाकी तांबूस नारिंगी दिसते तो तिच्यावरच्या फोमचाच रंग. तुमच्या रॉकेटवर सवाल ग्रॅमांचा आहे, पण ग्रॅम कुठे बसतात ते फार महत्त्वाचं. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या पुढे, म्हणजे नोजकोनच्या बाजूला, किमान एका व्यासाएवढा असावा हे तुला शिकवलंच असेल. रंगाचा जाड थर नेमका पंखांवर आणि पंखांच्या खोबणीत साचतो, म्हणजे शेपटीकडे. गुरुत्वमध्य मागे सरकतो. प्रत्येक हातानंतर रॉकेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव आणि वहीत नोंद कर. वाळल्यावर पुन्हा मोज, कारण ओल्या रंगातला बराचसा भाग उडून जाणारा असतो. रंगकाम संपलं की मोटर आणि पॅराशूट घालून गुरुत्वमध्य पुन्हा काढ.

अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज या स्पर्धेत उतरायचं असेल तर आणखी एक गोष्ट तुझ्या कॅप्टनला आत्ताच सांग. रंग चाचणी-उड्डाणांच्या आधी द्यायचा. तिथे अंडं न फोडता, ठरलेली उंची गाठून ठरलेल्या वेळात खाली यायचं असतं. गुण कापले जातात ते त्या आकड्यांपासून जितकं चुकाल तितके. बिनरंगाच्या रॉकेटवर मोटर आणि वजन जुळवून ठेवलं आणि शेवटच्या आठवड्यात रंग दिला, तर वजनही बदलतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने हवेचा अडथळाही बदलतो. जुळवलेलं सगळं बिघडतं.

आता हवा. माझ्या मते निम्मे पैसे आणि निम्मा विचार इथे खर्च व्हायला हवा. एअरब्रशसोबत डब्यातली दाबलेली हवा मिळते, ती घेऊ नकोस. वायू बाहेर पडता पडता डबा गार होत जातो, दाब उतरतो आणि ऐन पट्ट्याच्या मध्यात फवारा थुंकायला लागतो. शिवाय दोन-तीन रॉकेटांत तिचा खर्च साध्या कॉम्प्रेसरच्या जवळ पोहोचतो.

तुझ्या बाबांच्या गॅरेजमध्ये खिळे मारायच्या गनसाठी घेतलेला चपटा कॉम्प्रेसर आहे ना, तोच वापर. त्याला सहा गॅलनची टाकी आहे आणि तो १५० पीएसआयपर्यंत हवा भरतो. एअरब्रशला लागतात १५ ते २५. त्याचा एकच त्रास, आवाज. पण टाकी एकदा भरली की बराच वेळ तो गप्प असतो, तेवढ्यात एक हात मारून होतो. फक्त त्याचा रेग्युलेटर मोठ्या दाबासाठी असतो, खालच्या आकड्यांवर तो नीट स्थिर राहत नाही. म्हणून पुढे एअरब्रशसाठीचा वेगळा छोटा रेग्युलेटर जोड. दाब ठरवताना ब्रशचा चाप दाबून, हवा वाहत असताना काटा बघ. चाप सोडलेला असताना २५ दाखवणारा काटा हवा वाहू लागली की १८वर येऊ शकतो, आणि रंगाला भेटतो तो हा १८चा दाब.

नवा कॉम्प्रेसर घ्यायची वेळ आलीच, तर टाकीवाला घे. टाकी नसेल तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हवा धडधडत येते आणि फिक्या रंगात ती धडधड दिसते. तीन लिटरची टाकी छंदाला पुरते. या छोट्या कॉम्प्रेसरची हवा मिनिटाला २३-२५ लिटरच्या आसपास असते. एअरब्रशला तेवढी भरपूर होते. पण उद्या कुणी तुला गाड्या रंगवायची छोटी टच-अप गन दिली तर ती या कॉम्प्रेसरवर चालणार नाही. तिला याच्या दुपटीपासून पुढे हवा लागते. चार इंची नळीचं मोठं रॉकेट करायला घेशील तेव्हा ती गन आणि गॅरेजमधला मोठा कॉम्प्रेसर, अशी जोडी लाव.

ह्यूस्टनची हवा मात्र माझ्या डेन्व्हरसारखी नाही, म्हणून इथला माझा सल्ला तिथे जसाच्या तसा उचलू नकोस. माझ्याकडे हवा इतकी कोरडी की ब्रशच्या आतल्या सुईच्या टोकावरच रंग सुकतो आणि मला थिनर जास्त घालावं लागतं. तुझ्याकडे उलटं. समुद्राकडून येणारी दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की तापते, पुढे पाइपात गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. ते पाणी थेंबाथेंबाने ब्रशमधून रंगावर पडतं. उपाय सोपे आहेत. पाइप लांब ठेव, म्हणजे हवेला गार व्हायला वाव मिळतो. पाणी अडवणारा सापळा कॉम्प्रेसरपाशी एक आणि ब्रशच्या मुठीखाली एक, असे दोन लाव. काम संपलं की टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढून टाक, नाहीतर टाकी आतून गंजते. लॅकर रंग असेल तर आणखी जप. थिनर भरभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि चकचकीत काळा रंग धुरकट पांढरा होतो. पावसाच्या सरीनंतर किंवा चिकट दुपारी लॅकर हातात घेऊ नकोस. थांबणं शक्यच नसेल तर सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर वापर.

तुझ्या गावी काही जण कॉम्प्रेसर न घेता कार्बन डायऑक्साइडचा पाच पौंडी सिलिंडर आणि रेग्युलेटर वापरतात. आवाज नाही, पाण्याचा थेंब नाही, वेल्डिंगच्या दुकानात भरून मिळतो. दमट गावात हा फार चांगला पर्याय आहे असं मला वाटतं. पण बंद खोलीत तो वायू साठत जाऊन गुदमरायला होतं, म्हणून तो फक्त उघड्या दाराशी, आणि बाबा घरी असताना.

आता ब्रश. ०.५ मिलिमीटरचं नोझल रॉकेटला सगळ्यात सोयीचं. ०.३५ चालेल. त्याखाली जाऊ नकोस. प्रायमर, चांदीसारखे धातुरंग आणि चमकदार फ्लुरोसंट नारिंगी यांचे कण जाड असतात, ते बारीक नोझलमध्ये अडकतात, आणि रॉकेटला हेच रंग जास्त लागतात.

दुसरा प्रश्न चापाचा. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये रंग किती यायचा ते आधी स्क्रू फिरवून ठरवायचं आणि चापाने फक्त हवा सोडायची. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप दाबला की हवा, मागे ओढला की रंग. लोक तुला सांगतील की सिंगल अ‍ॅक्शन नवशिक्यांचा आणि डबल जाणत्यांचा. तसं मुळीच नाही. अख्खी नळी एका रंगात रंगवताना रंगाचं प्रमाण बदलायचंच नसतं, तिथे ठरलेला स्क्रू बोटापेक्षा भरवशाचा. शिकागोत सुरू झालेल्या पाशे कंपनीचा एच हा जुना सिंगल अ‍ॅक्शन ब्रश मी रॉकेटवाल्यांना मनापासून सुचवतो. त्यात रंग आणि हवा नोझलच्या बाहेर मिसळतात, आत भाग कमी, त्यामुळे धुवायला मिनिटभर लागतो. त्याला ०.४५, ०.६५ आणि १.०५ मिलिमीटरची तीन डोकी मिळतात. सगळ्यात मोठं डोकं लावलं की तो जवळजवळ छोटी गन होतो. त्याचा फवारा थोडा खरबरीत असतो, हे खरं. अंगाच्या रंगावर शेवटी पारदर्शक लॅकरचा हात येणार असेल तर ते खपून जातं.

पण तुला पंखांच्या मुळाशी पिवळ्यातून लाल उमटवायचा आहे, म्हणून तुझ्यासाठी डबल अ‍ॅक्शन. बॅजरचा पॅट्रियट १०५ घे, नाहीतर जमलं तर इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस. पॅट्रियटचं नोझल ०.५ आहे, एक्लिप्सचं ०.३५. दोन्हींना वरच्या बाजूला रंगाचा कप असतो आणि रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे कमी दाबावर काम होतं. खालून बाटली लावायचे ब्रश असतात, त्यात ३० मिलिलिटर रंग मावतो आणि बाटली बदलली की रंग बदलतो. पण रंग वर खेचायला दाब जास्त लागतो, आणि उभ्या पंखाच्या कोपऱ्यात ती बाटली आडवी येते. मनगट दुखत असेल तर पिस्तुलासारख्या चापाचे ब्रश बघ. लांब नळीवर सलग फेऱ्या मारायला ते फार सुखाचे आहेत, आणि त्यांतल्या काहींना चपटा, पंख्यासारखा फवारा देणारी टोपीही मिळते.

घेताना दोन बारकावे बघ. काही ब्रशचं नोझल आट्यांनी बसतं, तेही तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. पाना जरा जास्त फिरला की ते मानेतच मोडतं आणि अर्धा तुकडा आत राहतो. एक्लिप्ससारख्या ब्रशात नोझल नुसतं आत ठेवायचं असतं, पुढची टोपी फिरवली की ते आपोआप मध्यावर बसतं. शिकणाऱ्या हातांना हेच बरं. दुसरं, पाइपाचे आटे. इवाटाचे एक मापाचे, बॅजरचे वेगळे, पाशेचे आणखी वेगळे, आणि गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचे त्याहून मोठे. ब्रशबरोबरच त्या कॉम्प्रेसरला जोडणारा अ‍ॅडाप्टर माग. नाहीतर शनिवारी सगळं मांडून बसशील आणि जोडणीवाचून दिवस जाईल.

वापरलेला ब्रश कुणी स्वस्तात देत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तपासून. सुई मागून बाहेर काढ आणि टोक नखावर हलकेच फिरव. वाकलेलं असेल तर ओरखडा जाणवतो. मग कपात नुसतं पाणी घालून हवा सोड. कपात बुडबुडे आले तर नोझल नीट बसत नाही किंवा चिरलंय. सुई नवी मिळते, नोझलही मिळतं, पण त्यांची किंमत धरून भाव कर.

रंगांबद्दल फार लांबण लावत नाही. एका कंपनीचे रंग आणि त्याच कंपनीचं थिनर, एवढी शिस्त पहिल्या वर्षी पाळ. लॅकरवर पूर्ण वाळल्यावर एनॅमल चालतं. एनॅमलवर लॅकर मारलंस तर खालचा थर उचलून येतो. घराच्या आत रंगवायचं असेल तर पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग वापर. त्यांचा वास कमी, पण सुईच्या टोकावर ते लवकर सुकतात, म्हणून अधूनमधून टोक ओल्या कापसाने पुसावं लागतं. तामियाचे बाटलीतले चकचकीत रंग लॅकर थिनरमध्ये पातळ केले तर फार सुंदर पसरतात. किती पातळ, ते कपाच्या कडेवर बघायचं. रंग खाली उतरताना मागे एकसारखा, आरपार दिसणारा थर राहिला पाहिजे. दाणे दिसले तर अजून थिनर घाल, लगेच पाण्यासारखा निथळून कड स्वच्छ झाली तर थिनर जास्त झालंय. जाड फिलर प्रायमर मात्र डब्यातूनच मार. बाल्साच्या रेषा आणि नळीवरची गोल फिरलेली खाच बुजवायला तो जाडच हवा, आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने बहुतेक सगळा घासून टाकायचा.

फ्लुरोसंट रंगाखाली पांढरा हवाच, नुसत्या करड्या प्रायमरवर तो मळकट दिसतो. आणि रंगसंगती ठरवताना एकदा जॉन्सन स्पेस सेंटरमधला आडवा ठेवलेला सॅटर्न ५ पुन्हा बघून ये. त्यावरचे काळे चौकोन शोभेसाठी नव्हते. उड्डाणात रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय ते कॅमेऱ्याला कळावं म्हणून ते रंगवले होते. तूही एक पंख वेगळ्या रंगाचा ठेव. व्हिडिओत गिरक्या मोजता येतात, आणि पंख वाकडा बसलाय की नाही ते कळतं.

आता मास्क. ही खरेदी पहिली करायची, ब्रशच्याही आधी. करोनात वापरले ते एन-९५ धूळ अडवतात, थिनरची वाफ अडवत नाहीत. तुला सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचा रबरी मास्क हवा, वर कणांचा फिल्टर लावलेला. त्या काडतुसांवर काळी पट्टी असते. तो चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. काडतुसं तळहातांनी झाकून श्वास घे, मास्क आत ओढला जाऊन तसाच राहिला तर बरोबर. काम झालं की हवाबंद पिशवीत ठेव, उघडी राहिली तर काडतुसं नुसती टांगलेली असतानाही खर्च होत राहतात. मास्क असूनही रंगाचा वास आला की ती बदलायची. गाड्यांचे दोन भाग मिसळून करायचे युरेथेन रंग कुणी फुकट दिले तरी घ्यायचे नाहीत. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि आपल्या मास्कवर भरवसा ठेवून ते मारता येत नाहीत.

गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे का, ते बाबांना विचार. अनेक बंबांत तळाशी एक छोटी ज्योत सतत जळत असते. लॅकरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत थेट तिथे पोहोचते. बंब असेल तर गॅरेजच्या आत फवारणी नाही, अंगणातच करायची. वाफ ओढून घेणारा पंखा लावलास तर त्याच्या मोटरमध्ये ठिणगी उडत नाही याची खात्री असलेलाच लाव.

रॉकेट धरायचं कसं, याला दुकानातलं काही लागत नाही. वापरून झालेल्या मोटरचं पुठ्ठ्याचं रिकामं टरफल तुमच्याकडे आहेच. ते लाकडी दांड्याच्या टोकाला चिकटव आणि मोटरच्या जागेत बसव. दांडा एका हातात धरून नळी फिरवत राहायची, दुसऱ्या हातात ब्रश. सलग फिरत राहिली की ओघळ येत नाही. नोजकोनचा नळीत शिरणारा खालचा भाग टेपने झाक. तिथे रंग बसला तर नोजकोन घट्ट होतो, मोटरचा उलटा झोत त्याला बाहेर ढकलू शकत नाही, आणि पॅराशूट आतच राहून रॉकेट थेट जमिनीवर आदळतं. लाँच रॉडवर सरकणाऱ्या छोट्या नळीत वळलेला कागद खुपस, तिच्या आत रंगाचा थेंबही नको.

धुण्याबद्दल तुझी आई तुला सांगेलच की सगळं लगेच धुवावं. इथे ती शंभर टक्के बरोबर आहे. प्रत्येक रंगानंतर कप पुसून थिनर सोड, फवारा स्वच्छ येईपर्यंत. दिवसाच्या शेवटी सुई मागून ओढून काढ, पुस आणि परत सरकवताना जोर लावू नकोस. काचा पुसायच्या अमोनियावाल्या पाण्यात ब्रश भिजत ठेवायचा नाही, आतल्या पितळेवरचा मुलामा जातो.

या शनिवारी दुकानात जाशील तेव्हा मास्क, चापाची मूठ, दोन सापळे, छोटा रेग्युलेटर आणि अ‍ॅडाप्टर घे. ब्रश पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. रॉकेट क्लबच्या उड्डाणाच्या दिवशी कुणाकडे तरी पॅट्रियट असेलच, तो आधी हातात धरून बघ. तोवर नळीचा उरलेला तुकडा आणि बाल्साची फळी घेऊन डब्याने प्रायमर आणि पांढरा, असे दोन हात मारून ठेव. नोजकोनच्या प्लास्टिकवर आतल्या बाजूला थिनरचा एक थेंब वेगळा लावून बघ. लॅकरचं थिनर काही प्लास्टिक विरघळवतं, आणि तुमचा नोजकोन कुठल्या प्लास्टिकचा आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आजोबा